शून्य चोऱ्यांची सोसायटी

कमलाकर दामल्यांना एकदा प्रश्न पडला की घरात कोणाची धडगत नसे. त्या रविवारी पेपरात आलं होतं की काही देशांत माणसं घराला कुलूप न लावता खुशाल बाजारात जातात. झालं! का बरं? थंडीमुळे? पोलीस कडक म्हणून?

“पोटं भरलेली असतील त्यांची,” त्यांच्या पत्नी वसुंधरावहिनी म्हणाल्या.

“मग आपल्याकडे पोट भरलेले का चोरतात?”

यावर वहिनींनी कुकर लावला.

नवीन पनवेलच्या शांतिसदन सोसायटीत दरवर्षी सत्यनारायणाच्या संध्याकाळी एका सभासदाने भाषण करायची प्रथा होती. यंदा पाळी कमलाकरांची होती. सेक्रेटरी पेडणेकर म्हणाले, “परदेशात कशाला जाता? आपल्याकडे पहिल्या दिवसापासून एकही चोरी नाही. सांगा की लोकांना!” कमलाकर हरखले. संशोधनाला घरबसल्या देश मिळाला होता.

त्याच दुपारी वहिनी हळूच म्हणाल्या, “कमळीला पुढच्या महिन्यापासून बंद करतेय. माझी चांदीची वाटी दिसत नाही. बाहेर बोलू नका हं.”

कमळी सुकापूरपलीकडच्या कातकरवाडीतून भांडी घासायला येई. दिवाळीपासून तिची एकेक करून घरं सुटली होती, आता दामल्यांचं तेवढं उरलं होतं. तेही गेलं तर पोरांना शाळेतून काढून वीटभट्टीवर जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

कमलाकरांनी दारोदार चौकशी आरंभली. आपल्याकडे चोरी का होत नाही? शोभा कर्णिकांनी त्यांना आत घेऊन दार लोटलं.

“माझी इस्त्री गेली हो. पण हरवली म्हणायचं. आम्ही फ्लॅट विकायला काढलाय, बोभाटा झाला तर गिऱ्हाईक फिरकेल का? कमळीला तेवढं गुपचूप बंद केलं.”

“तिला नेताना पाहिलंत?”

“त्यात पाहायचं काय?”

वरच्या मजल्यावर घड्याळ गेलं होतं, खालच्या मजल्यावर सायकल. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच घरी झालं. तोंड सगळ्यांनी मिटलेलं, आणि उपाय सगळ्यांचा एकच. कमलाकर घरी आले तेव्हा कमळी मोरीत बसली होती.

“कमळे, त्या लोकांनी तुला काढलं, कारण काय सांगितलं?”

“काय नाय, काका. चोरी झाली आसा बोलले आसते, तर मी बोलले आसते, चला वाडीत, झडती घ्या. ते बोलतात काय झालाच नाय, उद्यापासना येव नको. जे झालाच नाय, त्याला मी काय बोलू?”

कमलाकरांना लाज वाटली. पेपरातल्या त्या देशांचाही त्यांना पहिल्यांदाच संशय आला. तिथेही कोणी पेडणेकर असतील काय?

पूजेच्या संध्याकाळी सगळे शिऱ्याचे द्रोण घेऊन बसले होते. पूजेची भांडी घासायला बोलावलेली कमळी मागे जिन्यापाशी होती.

“काही देशांत चोऱ्या कमी होतात,” कमलाकर म्हणाले, “आणि काही देशांत त्या कमी सांगतात. कोणता देश कुठल्या प्रकारातला, ते मला अजून उमगलेलं नाही. म्हणून घरापासून सुरुवात करतो. शांतिसदनात कधी चोरी झालीय?”

“नाही!” पेडणेकरांचा आवाज सगळ्यांत मोठा. टाळ्याही पडल्या.

“कोणाच्याच घरी?”

“नाही!” त्यात वहिनींचाही आवाज होता.

“उत्तम. म्हणजे कमळीने काही नेलेलं नाही. उद्यापासून ती सगळ्यांकडे पूर्वीसारखी कामाला येईल.”

आपण सगळ्यांना बरोबर कोंडीत पकडलं, असं वाटून कमलाकर मनातून खूश झाले. पण कमळी हात पुसत पुढे आली.

“आशी नाय येनार मी, काका. येकदा मला चूप बसून काढली, आता चूप बसूनच ठेवनार. उद्या काय हरवला की परत मीच. आधी समद्यांनी बोला, कोनाचा काय गेला. माझ्यासमोर बोला.”

“आरती घ्या, आरती!” पेडणेकर घाईघाईने म्हणाले.

वसुंधरावहिनींनी हातातला द्रोण खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “थांबा जरा,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी बोलायला त्याच उठल्या.