तळातल्या पोत्यापर्यंत

मित्रांनो, बंदरावरच्या तपासणी कचेरीत कपाटाशेजारच्या खिळ्याला एक लांब पितळी नळी टांगलेली दिसते ना, ती मी. मी एक जुनी नळी आहे. माझं टोक अणकुचीदार, मूठ लाकडी आणि अंगावर लांबलचक खाच. मला पोत्यात खुपसलं की दाणे खाचेतून माझ्या पोटात शिरतात. बाहेर काढून उपडी केली की झाला नमुना! मग पोत्याचं भोक अंगठ्यानं चोळून बुजवायचं, की पोत्यालाही पत्ता लागत नाही.

मला एका तांबटानं हातानं घडवलं. मूठ बसवताना तो म्हणाला होता, "पोत्याच्या काळजापर्यंत पोचली पाहिजे. नुसती पाठ खाजवून काय उपयोग?"

ते मी जन्मभर लक्षात ठेवलं. परदेशातून शेंगदाणे यायचे, मसाले यायचे, सुके अंजीर यायचे. शेंगदाणा दिसायला गरीब, पण त्याला ओल लागली की बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. म्हणून असा माल जोखमीचा. आधी कागद तपासायचे, मग नमुना, मग प्रयोगशाळा, आणि मगच फाटक उघडायचं. तेव्हा माझा मान काय वर्णावा!

पुढे खिशात मावणारी चकचकीत आखूड नळी आली. मी खिडकीच्या झडपेला टेकू झाले. सफाईवाल्या मावशी कपाटाखालून माझ्या टोकानं टाचण्या काढायच्या, एकदा तर साहेबांची चप्पल काढली. तिकडे आखूड नळीनं माणसांनाही आखूड सवय लावली. जहाजातून उतरलेल्या खोलीएवढ्या लोखंडी पेटीचं दार उघडायचं, पुढच्या पोत्यांना टोचायचं आणि आतल्यांना लांबूनच रामराम.

अशात तपासनीस ताई बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्या. घरी आठ महिन्यांचं बाळ. दुपारपर्यंत सासूबाईंना चार फोन व्हायचे. "आई, पेज गाळून घेतली होती ना? चमचा उकळला होता ना?" कचेरीनं त्यांचं नाव शंकेश्वरी ठेवलं.

एके सकाळी शेंगदाण्याची पेटी आली. माल लहान मुलांच्या खाऊचं पीठ करणाऱ्या कारखान्यात जायचा होता. मालकाच्या वतीनं कागद दाखवून माल सोडवणारे घाईकाका आल्या आल्या म्हणाले, "ताई, कागद आरशासारखे स्वच्छ आहेत. शिक्का मारा, चहा घेऊ."

ताई तारखांवरून बोट फिरवत राहिल्या. "काका, तिकडच्या प्रयोगशाळेचा हा अहवाल निघाला त्याला दोन महिने झाले. मध्ये जहाज बिघडून पाच आठवडे उन्हात उभं होतं ना?"

"म्हणजे कागद खोटा?"

"कागद खराच आहे. पण कागद फायलीत बसून आला आणि शेंगदाणे लोखंडी पेटीत घाम गाळत आले. सगळी पोती उतरवा."

मोठे साहेब उठून आले. "अहो, दिवस जाईल! आणि काही निघालं नाही, तर वर तक्रार होईल. मग तुमची बदली नोंदवह्यांच्या खोलीत. बघा बाई."

ताईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "हे पीठ कुणाच्या तरी बाळाच्या वाटीत जाणार आहे, साहेब. उतरवू द्या."

पोती उतरली. आखूड नळीनं शेवटच्या रांगेतूनही स्वच्छ दाणेच काढले. घाईकाका हसले. "झालं समाधान?"

ताई तडक कचेरीत आल्या आणि खिडकीतून मला खेचून घेतलं. झडप धाडकन आदळली.

"अगं बाई, माझी काठी कुठे नेता?" मावशी ओरडल्या.

ताईंनी मला घासूनपुसून कोरडं केलं. पेटीच्या छताचं पाणी भिंतींवरून ओघळून ज्यांच्याखाली साचलं होतं, त्या तळातल्या पोत्यांपैकी एकात मला मुठीपर्यंत घातलं. मित्रांनो, आत ऊब होती. मी बाहेर आले ती हिरवट भुकटी आणि कुबट वास घेऊनच. घाईकाकांचा रुमाल नाकाला गेला.

पण ताईंनी वासावर निकाल दिला नाही. शंभर ठिकाणांहून मी नमुने काढले, पिशव्या मोहोरबंद झाल्या. चार दिवस ताईंचा डबा तसाच घरी परत गेला. पाचव्या दिवशी अहवाल आला. विष मर्यादेच्या कितीतरी पट! त्याच जहाजातल्या आणखी दोन पेट्या तशाच निघाल्या. एक दाणाही फाटकाबाहेर गेला नाही.

कचेरीत टाळ्या वाजल्या. साहेबांनी स्वतः खिळा ठोकून मला टांगलं आणि भिंतीवर नियम लिहिला, 'आधी तळातलं पोतं.' घाईकाका मात्र दारातच घुटमळले. "ताई, माझी नात त्याच कारखान्याचं पीठ खाते हो," एवढंच म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. त्या दिवशी ताईंनी डबा पुसून खाल्ला.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. काम झालं की मला धुवा, कोरडी करा, खिळ्यावर ठेवा. आणि कुणाला शंका आली, तर हसण्याआधी एकदा तळापर्यंत जाऊन या.

खिडकीची काळजी करू नका. तिला आता आखूड नळीचा टेकू आहे. ते काम तिला अगदी मापाचं बसतं.