मिनोची चाकं

बसा मंडळी, इकडं सावलीत या. चौकातल्या त्या दांडग्या रंगीत गाडीपुढं उभं राहून फोटो काढून झाले ना? बरं झालं. ती नुसती बघायची गाडी, तिला बैल काही कुणी जुंपत नाही. तुम्हाला वर नेणारी गाडी वेगळी, येईल आता. बैल पाणी पिताहेत, आणि पाणी पिणाऱ्या बैलाला घाई करणारा माणूस आमच्या सार्ची गावात अजून जन्मायचा आहे. तोवर त्या येणाऱ्या गाडीच्या चाकांची गोष्ट सांगतो. खोटं असलंच तर चवीपुरतं.

गाडी मिनोची. पुरं नाव बेलार्मिनो, पण त्या नावानं त्याला फक्त पाद्रीबाबा हाक मारतात, आणि तेही रागावले तरच. नदीपलीकडं, चढावर त्याचं घर. बैल दोन, कानेलो आणि ग्रानीसो. बायको एकच, एदुविहेस. बोलायला तिघांपेक्षा तीच भारी.

आता तुमच्याकडं गाडी करकरली की वंगण घालतात. इथं तसं नाही. इथं चाक आखावर मुद्दाम जरासं सैल ठेवतात. चालताना चाकाच्या मधला लाकडी तुंबा आखाच्या लोखंडी कड्यावर आदळतो आणि गाडी गाते. टक्-टण्, टक्-टण्. लाकूड कुठलं, किती मुरलं, त्यावर आवाज. दोन गाड्या सारख्या गात नाहीत. अंथरुणात पडल्या पडल्या माणूस सांगतो, आज कोण उशिरा निघाला आणि कोण रिकाम्या गाडीनं परत आला.

एदुविहेसचे डोळे काचबिंदूनं गेले, तेव्हा तिनं फार आकांत केला नाही. घरातलं सगळं जागच्या जागी होतं, आणि नवरा तर आधीपासूनच कानानं कळायचा. संध्याकाळी गाडी लाकडी पुलावर आली की गाणं पोकळ व्हायचं. ते ऐकलं की ही उठायची, चुलीवरचं उकळतं पाणी कॉफीच्या कापडी पिशवीत ओतायची. बैल चढ चढून फाटकापाशी येईपर्यंत निळा कप भरलेला, शेजारी चीज घातलेली गरम तोर्तिया, म्हणजे आमची मक्याची भाकरी. लग्न झाल्यापासून हे असंच. "आलो गं" असं मिनोनं कधी म्हटलंच नव्हतं. गाडी म्हणायची.

मग एक दिवस खालच्या हॉटेलातली योर्लेनी आली. पाहुण्यांना मिनोच्या गाडीत बसवून कॉफीच्या मळ्यापर्यंत न्यायचं आणि वाटेत सगळं सांगायचं, हे तिचं काम. पोरगी चांगली. बोलते जरा जास्त, पण त्याचाच तर पगार.

"काका," ती म्हणाली, "पाहुण्यांच्या कमरा मोडतात हो."

"मग चालत नेऊ."

"चेष्टा नको. मी गाडीत काय बोलते ते कुणालाच ऐकू येत नाही. मी घसा फोडून सांगते, याच गाड्यांनी डोंगर उतरून बंदरापर्यंत कॉफी नेली, देश उभा केला. आणि मागचे विचारतात, काय म्हणाली? शौचालय कुठं आहे?"

"देश उभा करताना मधे कुणी बोलत नव्हतं, बाई."

"रबरी चाकं बसवा. नाहीतर हॉटेल दुसरी गाडी बघणार. मालक म्हणतात हं, मी नाही."

मिनोनं टोपी काढली, परत घातली. कॉफीची पोती आता ट्रकनं जातात. गुऱ्हाळाचा ऊस शेजारचा नौतिलिओ वाहतो. पाहुणे गेले तर बैलांना कामच उरत नाही, आणि काम नसलेला बैल कुठं जातो हे बैल सोडून सगळ्यांना माहीत असतं. त्यानं ग्रानीसोकडं बघितलं. ग्रानीसो त्याची बाही चाटत होता.

आठवड्याभरात सुतारानं मोटारीची जुनी चाकं बसवून दिली आणि बदल्यात लाकडी ठेवून घेतली. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायला लागली. योर्लेनी बोलायची, पाहुणे माना हलवायचे. मिनोला आपण रस्त्यावर आहोत की स्वप्नात, तेच कळेना.

पहिल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. एदुविहेस वळली, तिला माणसाचा वास आला, आणि हातातला डाव तिनं थेट त्याच्या कपाळात हाणला.

"अगं, मी आहे मी!"

"मी म्हणजे कोण? चोरसुद्धा मीच म्हणतो!"

"बैलांचे खूर नाही ऐकू आले?"

"गावात खूर काय तुमच्याच बैलांना आहेत?"

पुलावरून हाक मारून बघितली. खालची नदी हाक गिळून टाकायची. मग दुपार कलली की एदुविहेस फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागली. कधी येईल ते कळायचंच नाही, तर उठणार कधी? एकदा पाऊस आला तरी ती तिथंच. मिनो आला तेव्हा तिच्या केसातून पाणी गळत होतं. "आलात?" एवढंच म्हणाली. आत चूल विझलेली.

त्यानंतरच्या शुक्रवारी मिनो घरी आला तर फाटकापाशी दुसरीच गाडी उभी. नौतिलिओची.

हा नौतिलिओ मिनोच्या घराच्या वर, एकटा राहतो. एका सणाला पाद्रीबाबांनी मिनोच्या आधी त्याच्या बैलांवर पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. तर हा नौतिलिओ फाटकाला टेकून उभा, हातात निळा कप, मिशीत चीज.

"काय रे हे?" मिनो म्हणाला.

"कॉफी," नौतिलिओ म्हणाला.

मिनोची नजर खाली गेली. उसानं भरलेल्या गाडीला त्याचीच चाकं. चाकावर रंगवलेल्या चांदणीची एक निळी पाकळी वाकडी, ती त्यानंच रंगवली होती.

"माझी जुनी चिरली," नौतिलिओ म्हणाला. "सुताराच्या भिंतीला ही टेकून ठेवलेली दिसली. मी पुलावरून वर आलो, तर वहिनींनी कप पुढं केला. मी मागितला नव्हता."

"आणि घेतलास?"

"बाईमाणसानं पुढं केलेला कप परत करू?"

मिनो आत गेला. "तुला कळलं नाही तो मी नव्हे?"

"पहिल्या दिवशी नाही कळलं," एदुविहेस म्हणाली. "हातात कप दिला आणि मग कळलं, हा पाय घासत चालतो. आता तोंडाशी नेलेली कॉफी हिसकावून घेऊ?"

"पहिल्या दिवशी? म्हणजे आज कितवा?"

"मोजत कोण बसलंय. पुलावर ते वाजलं की माझा हात आपोआप पाण्याकडं जातो. मी काय करू? तुमच्या गाडीला सांगा."

मिनोनं त्या रात्री गार तोर्तिया खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं योर्लेनीला सांगितलं. ती आधी हसली, मग हळहळली, मग तिला युक्ती सुचली. हॉटेलकडं बैलगाडीच्या गाण्याची जुनी ध्वनिफीत होती, पाहुण्यांना ऐकवायची. एक भोंगा गाडीखाली बांधला. "पुलावर आलात की हे बटण दाबायचं, काका. झालं."

मिनोनं पुलावर बटण दाबलं. टक्-टण् सुरू झालं, मोठ्यानं आणि छान. कानेलोनं कान टवकारले. मिनो चढावरून मान ताठ करून आला. फाटक बंद, दार बंद, आणि आत जपमाळेची प्रार्थना चाललेली.

"अगं, दार उघड!"

"कोरोनादो, बाबा, जा परत," आतून थरथरता आवाज. "तुझ्या नावानं पाद्रीबाबांना मिस्सा करायला सांगते मी. इथं तुझं काही राहिलेलं नाही."

कोरोनादो म्हणजे वरच्या आळीतला गाडीवान, मरून बरीच वर्षं झाली. ध्वनिफीत त्याच्या गाडीची होती. मिनोनं खाली वाकून भोंग्याची तार उपटली. तरी दार उघडायला बराच वेळ लागला. उघडल्यावर तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, नाक, भुवया, कपाळावरचं डावाचं टेंगूळ. मग म्हणाली, "तुम्ही गेलात की मला कसं कळणार हो? असेच न वाजता जाणार का?"

 मिनोनं भोंगा खांद्यावर टाकला आणि गाडी तशीच वर नौतिलिओकडं हाकली.

नौतिलिओ बैलांना उसाचे शेंडे घालत होता.

"चाकं दे," मिनो म्हणाला. "माझी रबरी घे. ऊस काय, गाण्यावाचून अडत नाही त्याचं."

"ऊस रबरावर चांगला जाईल," नौतिलिओ म्हणाला.

"मग?"

नौतिलिओनं शेंडे नीट मांडले. बैलाची पाठ झटकली. "मग काही नाही. घेऊन जा." जरा थांबून म्हणाला, "कॉफी चांगली करतात वहिनी. माझ्याकडं मी आपलं गुळाचं पाणी करून घेतो. एकट्यासाठी कोण पिशवी भिजवत बसतो?"

मिनोनं चाकावरच्या वाकड्या पाकळीवरून बोट फिरवलं. चारी बैल रवंथ करत होते, त्यांनी काही मत दिलं नाही.

"येत जा," शेवटी तो म्हणाला. "पण फाटक वाजवून यायचं. आणि दुसरा कप. निळा माझा."

"पांढरा चालेल."

"आणि त्या सणाला..."

"पाद्रीबाबांनी आधी माझ्या बैलांवर शिंपडलं, त्यात मी काय करू?"

"बरं, बरं. चाक धर तिकडनं."

सकाळी गाडी हॉटेलपाशी गेली ती अख्ख्या सार्चीला उठवत. योर्लेनी धावत बाहेर आली. मिनोनं भोंगा तिच्या हातात दिला. "बाई, ही गाडी मुकी राहणार नाही. मालकाला दुसरी हवी असली तर बघू दे. बैलांचं काय ते माझं मी बघेन." असं म्हणाला खरा, पण बोलताना हात ग्रानीसोच्या मानेवर होता आणि तो सोडवत नव्हता.

योर्लेनी भोंग्याकडं बघत राहिली. मालकाशी काय बोलली ते तिलाच ठाऊक. बोलणारी बाई ती. पण त्या दिवसापासून असं ठरलं की देशाचं, कॉफीचं, बंदराचं, जे काही सांगायचं ते इथं झाडाखालीच सांगून घ्यायचं, आणि गाडीत फक्त बसायचं. कमरेसाठी उशा ठेवल्यात. पातळ आहेत, पण आहेत. ती सकाळच्या पाहुण्यांना सांगते, आणि संध्याकाळच्यांना मी, कारण तोवर तिचा घसा बसलेला असतो.

आली बघा, ऐका. टक्-टण्. उठा आता, टोप्या सांभाळा. ही शेवटची फेरी, म्हणून मिनो परस्पर घरावरून नेईल तुम्हाला. वाटेत कुदा, हसा, फोटो काढा, तो काही म्हणणार नाही. फक्त एक करा मंडळी. चाकाखाली पुलाच्या फळ्या लागल्या की चढ संपेपर्यंत कुणी अवाक्षर बोलू नका. वर एका बाईनं चुलीवर पाणी ठेवलंय.