सेवकरामची फर्माईश

"काका, इकडे पाहू नोका. कॅमेरा हाये हेच इसरून जा," भूपेंद्र म्हणाला, तसा सेवकराम आणखीच ताठ झाला.

हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो बसला होता. सकाळीच दाढी करून त्याने लग्नाकार्यात घालायचा सदरा चढवला होता. कौशल्याबाई नेहमीच्या कोपऱ्यात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. तिलाही आज भूपेंद्रने पदर नीट घ्यायला लावला होता. भूपेंद्र लग्नांचं शूटिंग करायचा आणि सेवकरामच्या मुलासोबत, संजीवसोबत, पवनीत केबलचा धंदा बघायचा. हातमागावर फिल्म काढू, आपल्या केबलवर दाखवू, असं संजीवने बापाला सांगितलं होतं. सेवकराम दोन दिवस त्याच आनंदात होता.

"रेडिओ लावू का, बाबा? तुमचा टाइम झाला," संजीव म्हणाला.

जुना रेडिओ दसऱ्यापासून बंद पडला होता. त्याच्या जागी फळीवर संजीवने आणलेला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन होता. त्याची बटणं सेवकरामला कळत नव्हती. रोज कुणीतरी लावून द्यावा लागे.

"लाव ना," सेवकराम म्हणाला. "आवाज मात्र मोठा ठेवजो."

खरखर झाली. एक गाणं संपलं. मग बाईचा गोड आवाज आला, "यानंतरच्या गीताची फर्माईश केली आहे, पवनी, जिल्हा भंडारा इथून सेवकराम ढकाटे, तुलाराम निपाने, आणि वैनगंगा श्रोता संघाच्या सर्व सभासदांनी..."

ताण्यातून सूत नेणारा धोटा अर्ध्यावरच थांबला. सेवकराम खड्ड्यातून वर यायला गेला, त्याचा पाय मागाच्या पायाखालच्या पावडीत अडकला, तो गुडघ्यावर पडला आणि तसाच उठून फळीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने हात जोडले.

"आयकलं का वो?" तो म्हणाला. "तुलारामचं बी नाव घेतलं! तो गेला तरी घेतलं!"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गाणं संपेपर्यंत त्याने हात सोडले नाहीत. कौशल्याबाईचाही रहाट थांबला होता. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्यासमोर असा रडला नव्हता, बाप गेला तेव्हाही नाही. भूपेंद्र डोळा कॅमेऱ्याला लावून निश्चल उभा होता. सून मंजुषा मात्र सैपाकघरातून बाहेर आली नाही, आणि त्या घटकेला कौशल्याबाईला त्याचं काही वाटलं नाही.

एक काळ असा होता की संध्याकाळी या घराच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. माग बंद झाले की कोष्टीपुऱ्यातले बाप्ये हातपाय धुऊन इथे येत. मध्ये रेडिओ ठेवलेला, त्यावर कौशल्याबाईने विणलेला रुमाल. सेवकराम संघाचा अध्यक्ष आणि तुलाराम चिटणीस. कोणतं गाणं मागायचं यावर तासन्‌तास वाद चालत. मग तुलाराम मोत्यासारख्या अक्षरात रेडिओ स्टेशनला कार्ड लिही आणि सगळ्यांची नावं घाली. ज्या दिवशी नावं वाचली जात, त्या दिवशी कोष्टीपुऱ्यात सण असे. बाजारात अनोळखी माणूस विचारी, "रेडिओवरचे सेवकराम तुमीच का जी?" कौशल्याबाईने त्या बैठकांना किती चहा केला त्याला गणती नव्हती. ओट्यावर बसायची मुभा तिला नव्हती. ती दाराआड कांड्या भरत ऐकायची. पण तिलाही ते दिवस गोड वाटत.

मग एकाच्या घरी टीव्ही आला. रविवारी लोक तिकडे जाऊ लागले. मग व्हिडिओ भाड्याने आणून रातभर पिक्चर बघायची टूम निघाली. मग छपरांवरून केबलच्या तारा गेल्या, आणि त्या ओढण्यात त्यांचाच संजीव पुढे होता. ओट्यावर तिघे उरले, मग दोघे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच साली तुलाराम वारला आणि सेवकराम एकटा उरला. तरी तो दर आठवड्याला आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात कार्ड टाकायचा, त्यात मेलेल्यांचीही नावं घालायचा. कार्डं कुठे जात होती देव जाणे. कितीतरी वर्षांत त्याचं नाव कुणी वाचलं नव्हतं.

आणि आज वाचलं. गाणं संपताच चपला घालून तो पेढे आणायला गेला, आणि घराघरांत वाटत सुटला.

संध्याकाळी कौशल्याबाई शेजारच्या शकुनबाईकडे गेली. घरचा टीव्ही वर संजीवच्या खोलीत होता, तिथे जायला तिला संकोच वाटे. शकुनबाईकडे गल्लीतल्या साऱ्या बाया मालिका बघायला जमत. मालिका संपली आणि पवनीच्या केबलवरचा गावातला कार्यक्रम लागला.

पहिल्यांदा दिसली मंजुषा. हातात कागद घेऊन ती टू-इन-वनसमोर बसली होती. "यानंतरच्या गीताची फर्माईश केली आहे," असं म्हणाली आणि फिसकन हसली. "पुन्हा घ्या ना, हसू येऊन राहिलं मले." मग संजीवचा हात दिसला, कॅसेटचं बटण दाबणारा. आणि मग सेवकराम.

तो खड्ड्यातून उठला. पडला. पुन्हा उठला. त्यावर भूपेंद्रने धपकन आवाज घातला होता. मग चित्र मागे फिरवलं, सेवकराम उलटा चालत खड्ड्यात जाऊन बसला, आणि पुन्हा उठला, पुन्हा पडला. हात जोडले, सोडले, जोडले, सोडले. शेवटी त्याचं रडणारं तोंड पडदाभर झालं आणि त्यावर खिदळण्याचा आवाज आला.

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. शकुनबाईने डोळे पुसले. "मनावर नोको घेऊ वो कौशल्ये. पोट्ट्यायनं गंमत केली."

कौशल्याबाईही हसली. तिथे दुसरं काय करायचं, हे तिला सुचलं नाही.

घरी आली तर सेवकराम तिची वाट पाहत होता. कागदाच्या पुडीत एक पेढा राखलेला होता.

"तुयासाठी ठेवला. सारे खाऊन गेले, मी म्हटलं हा कौशल्येचा." तो फुलून आला होता. "आता संघ पुन्हा उभा करतो. तुलारामच्या पोराले चिटणीस करू. उद्या चौकात जातो अन् बोलतो साऱ्यायशी."

"उद्या नोका जाऊ जी."

"काहून?"

"थंडी हाये."

"थंडी!" तो हसला. "खा ना तो पेढा."

तिने पेढा तोंडात टाकला. सांगावं असं तिच्या जिभेवर दोनतीनदा आलं. पण तो बोलतच होता, कोणती गाणी मागायची ते सांगत होता, आणि कंदिलासारखं उजळलेलं ते तोंड तिने विझवायचं कसं?

सकाळी तो गेला. चहाच्या टपरीवर काय झालं ते तिला नंतर शकुनबाईकडून कळलं. सेवकराम दिसताच बाकावरचे सगळे उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. टपरीवाल्याने बाईचा आवाज काढून त्याचं नाव पुकारलं. सेवकरामला वाटलं, आपला मान करून राहिले. त्यानेही हात जोडले. त्यावर जो हशा उठला, तो बसस्टँडपर्यंत ऐकू गेला. मग टपरीतल्या टीव्हीवर तो कार्यक्रम पुन्हा लागला, आणि लोकांनी त्याला खांद्याला धरून समोर बसवलं. त्याने तो अखेरपर्यंत पाहिला.

घरी येऊन तो मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला. तिला म्हणाला, "तुले मालूम होतं?"

कौशल्याबाईने नवी कांडी रहाटावर चढवली.

"काल रातीच मालूम होतं?"

तिने होय अशी मान हलवली.

"मालूम असून पेढा खाल्ला तुनं," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. संजीवला त्याने एकदाच विचारलं, "काहून केलं रे?"

"गंमत, बाबा. गंमतबी समजत नाई का तुमाले? रेडिओ आता कोन आयकते? साऱ्या पवनीत तुमचं नाव झालं ते नाई दिसत."

मंजुषा रडली. "मले वाटलं घरातल्या घरातच दाखवतीन, आई," ती सासूला म्हणाली. मग थोड्या दिवसांनी मंजुषाही विसरली.

सेवकरामने कार्डं टाकणं बंद केलं. चौकात जाणं बंद केलं. शाळेतून येणारी पोरं खिडकीशी थांबून हात जोडत, तेव्हा तो मान वर न करता धोटा मारत राही. माग मात्र सुटला नाही. संध्याकाळी दिवा न लावता तो ओट्यावर बसे, आणि घराघरांतून एकाच मालिकेचा आवाज येत राही.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी संजीव खाली आला. भूपेंद्र कॅमेरा घेऊन दारात उभा होता.

"बाबा, आणखी एकदा करता का? पयलं पाहून पाहून जुनं झालं. लोकं फोनवर फोन करून राहिले, सेवकरामभाऊले दाखवा म्हून."

"लाज वाटते का रे तुले?" कौशल्याबाई रहाट सोडून उठली. "बाप हाये तो तुया!"

सेवकरामने हात वर करून तिला थांबवलं. त्या प्रकारानंतर पहिल्यांदा तो पोराच्या तोंडाकडे पाहत होता.

"कोन कोन फोन करते?"

"लय जन."

"नावं सांग."

संजीव गोंधळला. "शकुनबाईच्या घरून आला. बसस्टँडवरचा हॉटेलवाला. घाटावरचे मंदाबाईचे पोट्टे. तिकडे नदीपलीकडून बी..."

"आणखी?"

"जनाबाई मास्तरीन. दवाखान्यातला कंपाउंडर."

सेवकराम एकेक नाव ऐकत मान हलवत होता. नावं संपली तसा तो उठला. खुंटीवरचा सदरा काढून त्याने अंगात घातला आणि बटणं लावू लागला.

"तुमाले काय झालं जी?" कौशल्याबाईने त्याची बाही धरली. "हसतीन ना लोकं!"

"फर्माईश हाये लोकायची," तो म्हणाला. त्याने तिचा हात बाहीवरून हळूच काढला. मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडे वळला. "मंजुषा, मांगं तू तुलारामचं नाव घाईत घेतलं होतं. या वक्ती बराबर घेजो."

भूपेंद्रने कौशल्याबाईकडे पाहिलं. "काकू, तुमी जरा मांगं जा. तुमचा चेहरा बराबर नाई दिसून राहिला."

ती मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसली. भिंतीवरून शकुनबाई आणि दोनतीन बाया डोकावत होत्या. "सुरू झालं का वो?" त्यांनी विचारलं. आतून माग ऐकू येत होता. मग मंजुषाचा गोड आवाज आला, एकेक नाव सावकाश घेणारा. माग थांबला. काहीतरी धपकन पडलं.

"आता झालं का बराबर?" सेवकरामचा आवाज आला.

"पाणी नाई आलं, काका, डोळ्यात. आणखी एकदा करा."

मग सेवकराम खोकला, आणि माग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.