अखेरची कुस्ती बरोबरीत

"अखेरची निकाली कुस्ती कराडचे अर्जुना शेळके व कोरेगावचे रहिमान नदाफ यांच्यात झाली. पाऊण तास तुल्यबळ झुंज चालली. अंधार पडू लागल्याने पंचांनी ती बरोबरीत सोडवली, तेव्हा दोघांच्या पाठीला मातीचा कणही लागलेला नव्हता."

एप्रिल १९६४ मधल्या एका सोमवारी 'दैनिक दक्षिणवार्ता'च्या तिसऱ्या पानावर हा मजकूर आला. तो मी लिहिला होता. लिहिला तेव्हा रविवारचे पाच वाजले होते आणि ती कुस्ती लागायला अजून तासभर अवकाश होता.

हे कसं होत असे ते आधी सांगतो. जत्रेचं मैदान दुपारी दोनला सुरू होतं. पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या. मग चढत्या क्रमानं जोड्या लागतात आणि मोठी जोड उन्हं उतरल्यावर. त्या रविवारचं मैदान नांदलवाडीचं, तासगावच्या पलीकडे. तिथून सांगलीला यायची शेवटची एस.टी. साडेपाचला; आसपासच्या मैदानांच्या गावांतूनही साधारण हीच वेळ. पूर्वी मी गावातच मुक्काम करायचो, सकाळच्या गाडीनं यायचो आणि बातमी मंगळवारी छापून यायची. १९५८ साली सांगलीत दुसरं दैनिक निघालं. आमचे मालक-संपादक लालासाहेब म्हणाले, "हिंदुराव, मैदान रविवारी आणि बातमी मंगळवारी, हे आता चालायचं नाही." कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पत्रकावर शेवटची कुस्ती 'निकाली' म्हणून छापलेली असे. प्रत्यक्षात दोन मोठे पैलवान एकमेकांना जोखत राहायचे, दिवस बुडायचा आणि पंच दोघांचे हात वर करायचे. वीस वर्षं मी हेच पाहत आलो होतो. तेव्हा मी पंचांच्या टेबलाशी बसून सगळ्या निकालांबरोबर शेवटची बरोबरीही लिहून टाकायचो आणि साडेपाचची गाडी धरायचो. दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर कुणाला तरी सहज विचारून घ्यायचो. सहा वर्षांत अशा सतरा कुस्त्या लिहिल्या आणि सतराही बरोबर निघाल्या. बरोबरी कोरडी वाटू नये म्हणून एखादा तपशील घालायचो. माझ्या लेखी तो अनुभव होता. दुसरा शब्द मी त्याला कधी दिला नाही.

अठरावी कुस्ती रहिमाननं बाराव्या मिनिटाला चितपट करून मारली.

सोमवारी दहा वाजता तो कचेरीत आला. बावीस-तेवीसचा, कान सुजलेला, डोक्यावर मैदानात बांधलेला फेटा तसाच. बरोबर त्याचे वस्ताद धोंडिराम. रहिमान दारातच उभा राहिला. वस्ताद थेट लालासाहेबांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी पेपर समोर टाकला.

"हे काय वो साहेब? पाच हजार माणूस साक्षीला हाय. तुमच्या पेपरला तेवढं दिसलं न्हाई?"

लालासाहेबांनी चष्मा चढवला आणि मजकूर वाचला. "हिंदुराव?"

वस्ताद माझ्याकडे वळले. "तुमी हुता की तिथं. पुढंच खुर्चीवर बसला हुता. दोन वाजता मीच पान खायला दिलं तुमाला."

"होतो," मी म्हणालो.

"मग सांगा की. ह्याची आई मेहरुनबी कोरेगावात शेजाऱ्याकडनं पेपर वाचून घेती. कालच्याला हे पोरगं तिला म्हणून आलंय, अम्मी, उद्या पेपरात बघ. आता तिला मी काय सांगू? पोरगं खोटं बोललं?"

रहिमान दारातून म्हणाला, "जाऊ द्या वस्ताद."

"का जाऊ द्या? फुकट मारली व्हय रं?"

लालासाहेब माझ्याकडे पाहत होते. मला त्या वेळी तीन वाक्यं सुचली, हे मला नीट आठवतं. पहिलं खरं होतं. दुसरं असं की, लिहिताना हातून चुकलं. मी तिसरं बोललो.

"जुळणीत काहीतरी घोटाळा झालेला दिसतो," मी म्हणालो. "वरच्या कुस्तीची ओळ खाली गेली असेल."

आमच्याकडे खिळे जुळवायला सिद्धू होता. माझा मजकूर सोळा वर्षं तोच जुळवत होता, कारण माझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नसे. त्याला घरून बोलावून आणलं. रात्रपाळी करून झोपलेला माणूस सदऱ्याची बटणं लावत आला. लालासाहेबांनी त्याला मूळ कागद आणायला सांगितला. छापून झालेल्या मजकुराचे मूळ कागद छापखान्यात तारेच्या आकड्याला आठ दिवस टोचून ठेवलेले असतात. तो आत गेला. कागद फडफडल्याचा आवाज आला. त्या कागदावर माझ्या हातचं काय आहे ते मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर सायकली पाहत होतो.

सिद्धू परत आला. "गावत न्हाई साहेब."

"गावत नाही म्हणजे? कालचा कागद?"

"पडला असंल कुठंतरी." त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "चूक माझ्या हातनंच झाली असंल."

लालासाहेबांनी वस्तादांची माफी मागितली. उद्या ठळक चौकटीत दुरुस्ती छापतो म्हणाले. सिद्धूला म्हणाले, "अशी चूक करणारा माणूस मला परवडत नाही. महिनाअखेर दुसरं काम बघ." आणि मला म्हणाले, "चौकट तुम्हीच लिहा. जुळणीतील चुकीमुळे असं स्पष्ट घाला. कुस्तीचं वर्णनही द्या, त्या मुलाचं समाधान होईल."

वस्ताद निघताना म्हणाले, "बेस लिवा. तुमचं लिवलेलं पोरं तालमीत तोंडपाठ करत्यात." ते टोचून बोलत नव्हते. त्यामुळेच ते मला लागलं.

मी सहा ओळी लिहिल्या. त्या लिहायला मला दुपारचे चार वाजले. साडेपाचच्या सुमारास सिद्धूनं प्रूफ आणलं. रोज तो प्रूफ टेबलावर ठेवून जायचा. त्या दिवशी समोरच्या बाकावर बसला. बोटं शाईनं काळी. 'जुळणीतील चुकीमुळे' हे शब्द त्यानंच एकेक खिळा उचलून लावले होते. प्रूफात एकही चूक नव्हती.

मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. माझाच कालचा कागद.

"जाळून टाका अण्णा. लिवताना तुमच्या हातनं चुकलं, एवढंच न्हवं? सव्वीस वर्सं लिवताय. एकदा चुकलं. मला कुठंबी खिळं जुळवायला मिळत्याल. तुमाला ह्या वयात कोण घेणार?"

मी कागद खणात ठेवला. तो तेवढ्यावर उठून गेला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

"पण एक इचारू का?" तो म्हणाला. "ह्या चौकटीत तुमी 'प्रेक्षणीय डावावर' असं लिवलंय. तुमी कवाच डावाचं नाव गाळत न्हाई. डाव कुठला व्हता?"

मी पेन्सिल हातात घेतली, परत ठेवली.

"माझं म्हंजे असं हाय," सिद्धू म्हणाला, "मैदान आसतं तवा मी हितं. मी उभ्या जल्मात एक मोठी कुस्ती बघितली न्हाई. जुळवतो तवा बघतो. तुमी घिस्सा लिवला की घिस्सा दिसतो. म्हणून इचारतोय."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"इसरला?"

"मी पाहिली नाही सिद्धू. मी साडेपाचच्या गाडीनं आलो."

तो हसला. थट्टा वाटली असावी. मग त्याचं हसणं थांबलं. मैदानाच्या रविवारी मी गाडीतून उतरून मजकुराचं पाकीट सात वाजता छापखान्यात द्यायचो आणि ते सहा वर्षं तोच फोडत होता.

"मग गेल्या साली हलगीचं कातडं फाटलं आन् हलगीवाला डबा वाजवाय लागला... शेवटच्या कुस्तीला?"

"ते मी लिहिलं."

"फाटलं न्हवतं?"

"माहीत नाही."

"आमी घरात सांगितलं व्हतं ते," सिद्धू म्हणाला. "साळूबाई पोट धरून हसली व्हती." साळूबाई त्याची बायको. तो उठला, बाकावर आपल्या शाईचा डाग पडला का ते पाहिलं, बाहीनं पुसलं. "प्रूफ वाचून झालं का सांगा. पानाचा फर्मा बांधायचा हाय."

"अर्धा तास थांब," मी म्हणालो.

वस्ताद आणि रहिमान सकाळच्या गाडीनं जाणार म्हणून गावभागातल्या तालमीत उतरले होते. मी सायकलनं गेलो. वस्ताद ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मी विचारलं, "रहिमाननं कुठल्या डावावर मारली?"

त्यांचा हात थांबला. "आवं, तुमी हुता न्हवं?"

"शेवटच्या कुस्तीला नव्हतो. न पाहता लिहिलं. जुळणीची चूक नव्हती."

त्यांनी तंबाखू तशीच झाडून टाकली. "आन् त्या गरिबाला पुढं केलं," म्हणाले. "आमी मातीत उतरतो तवा पाठ लागली तर पाच हजार माणसात लागती. तुमचं बरं हाय. तुमची पाठ कोण बघत न्हाई." आणि आत हाक मारली, "रहिमान! ह्यांना डाव सांग."

रहिमान ओलं तोंड पुसत आला. त्याला काय झालंय ते समजलं होतं की नाही, कोण जाणे. तो माझ्यासमोर उभा राहिला, उजवा हात माझ्या मानेवर ठेवला, डाव्यानं माझा दंड काखेत घेतला आणि अंग वळवलं. माझे पाय सुटायच्या आत तो थांबला आणि त्यानं मला हलकेच सरळ उभं केलं. मी साठीला टेकलेला माणूस. माझी टोपी पडली होती, ती त्यानं उचलून दिली.

"ढाक," तो म्हणाला. "त्यानं उजवा पाय पुढं टाकला तवा."

"आईला सांग, उद्या छापून येईल," मी म्हणालो.

"ती आता पेपर न्हाई वाचून घ्यायची," रहिमान म्हणाला. त्यात राग नव्हता. कळवावं तसं त्यानं कळवलं.

परत येऊन मी प्रूफावर 'प्रेक्षणीय डावावर' खोडून 'बाराव्या मिनिटास ढाक डावावर' केलं. 'जुळणीतील चुकीमुळे' खोडून वर लिहिलं, 'आमच्या क्रीडा प्रतिनिधीने कुस्ती न पाहता वृत्त दिल्यामुळे'. ते प्रूफ आणि कालचा कागद लालासाहेबांपुढे नेऊन ठेवला.

त्यांनी दोन्ही वाचलं. "किती वर्षं?"

"सहा."

"साडेपाचची गाडी, सहाची कुस्ती," ते स्वतःशी म्हणाले. "हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी पेन उघडलं आणि मी लिहिलेली ओळ खोडली. "हे छापता येणार नाही हिंदुराव. सहा वर्षांचे अंक लोकांच्या घरात आहेत. राजीनामा द्या. प्रकृतीचं कारण घाला."

"आणि सिद्धू?"

"सिद्धू राहील."

मंगळवारी दुरुस्ती 'नजरचुकीमुळे' अशी छापली गेली. डावाचं नाव राहिलं. तिच्याखाली दुसरी एक लहान चौकट होती. आमचे ज्येष्ठ क्रीडा प्रतिनिधी प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत असून, सव्वीस वर्षे त्यांनी वाचकांना मैदानाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन दिले, त्याबद्दल 'दक्षिणवार्ता' त्यांची ऋणी आहे. लालासाहेबांनी हे चांगल्या मनानं लिहिलं होतं. जुळवलं सिद्धूनं. 'प्रत्यक्षदर्शी' या शब्दातला रफार तुटका होता, एवढंच. तो आमचा खिळाच जुना होता.

रस्त्यात लोक प्रकृतीची चौकशी करू लागले. मी "बरं आहे" म्हणायचो. दोघातिघांनी औषधं सुचवली.

मे महिन्यात तासगावला मैदान झालं. मी गेलो. टेबलाशी गेलो नाही, लोकांत मातीवर बसलो. साडेपाचची गाडी गेली. सहा वाजता शेवटची जोड लागली. पन्नास मिनिटं दोघं एकमेकांना जोखत राहिले, अंधार पडला, पंचांनी दोघांचे हात वर केले. बरोबरी. पाच वाजता लिहिली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता.

पण त्यानंतर एक गोष्ट घडली. त्यांतल्या एकाच्या दंडावरचा ताईत मातीत पडला होता. लोक उठून चालू लागले, आणि ते दोघं पैलवान गुडघ्यांवर बसून हातांनी माती चाळत राहिले. ज्याचा ताईत नव्हता, त्याला तो सापडला. त्यानं लंगोटाला पुसून दिला.

मी तासगावात मुक्काम केला आणि सकाळी सांगलीला उतरलो तो थेट छापखान्यात गेलो. सिद्धू आदल्या दिवशीचे खिळे सोडवून पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरांत टाकत होता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी त्याला कुस्ती सांगितली, कोण कुठल्या अंगाला उभा होता, किती वेळ, बरोबरीत कशी सुटली. मग ताईताचं सांगितलं.

त्याचा हात क्षणभर थांबला. मग बोटातला खिळा त्यानं त्याच्या घरात टाकला.

"असंल अण्णा," तो म्हणाला.