कंडक्टरची नाणी

दत्ताराम कंडक्टर गेला तेव्हा पावस गावच्या घरात त्याचं म्हणावं असं दोनच उरलं, बायको मथुरा आणि नाण्यांची पेटी. दोन्हींपैकी पेटीला त्याने जास्त जपलं होतं, हे मथुरेला कुणी सांगायची गरज नव्हती.

राजापूर आगारात त्याने उभा जन्म तिकिटं फाडली. चिल्लरीत एखादं जुनं नाणं आलं की पदरचे पैसे घालून तो ते ठेवून घ्यायचा. पुढे लोकांना त्याचा नाद ठाऊक झाला. मग कुणी नांगरताना सापडलेली शिवराई आणून दे, कुणी आज्याने गोव्याहून आणलेलं पोर्तुगीज नाणं. घरी मात्र पेटीजवळ कुणी फिरकलं की ठरलेलं बोलणं, "हात लावू नको." का लावू नको, ते कधीच नाही. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" करून माणसाचं तोंड गाडीतच दमत असावं. मथुरेला वाटायचं, नवरा आपल्याला चोर समजतो. ते तिला आयुष्यभर सलत राहिलं.

पेटीचं काय करायचं ते मुलाने, प्रथमेशने ठरवलं. रत्नागिरीत एक मंडळ जुन्या वस्तूंचं संग्रहालय काढत होतं. तिथे काचेच्या कपाटात नाणी राहणार आणि वर बापाच्या नावाची पाटी लागणार.

"आये, बाबांना कधी कोणी नावानं हाक मारली नाय गो. ओ कंडक्टर, ओ कंडक्टर! आता तरी नाव लागंल."

मथुरेला हे मनापासून पटलं. नवऱ्यावर राग होता, पण ती पाटी तिला हवीच होती.

मंडळाचे सुहास सर रविवारी येणार म्हणून तिने शनिवारी पेटी उघडली. नाणी काळीकुट्ट, काही हिरवट. असली घाण परक्या माणसापुढे ठेवायची? तिने कोकमाची सालं भिजवली, चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेतलं आणि देवाची भांडी घासावीत तसं एकेक नाणं घासलं. नवरा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. त्याच्या एवढ्या जपलेल्या कामाला अखेर तिचाही हात लागत होता.

रविवारी प्रथमेश सरांना घेऊन आला. मथुरेने परातीत लखलखीत नाणी मांडून ठेवली होती. सरांनी एक शिवराई उचलली, उजेडात धरली, उलटी केली. मग दुसरी घेतली. मग दोन्ही परत परातीत ठेवली.

"काकू, घासलीत?"

"होय तर. राखेनं."

"यांच्यावर अक्षरं होती हो," सर हळूच म्हणाले. "त्या काळ्या थरानेच ती सांभाळली होती. आता नुसते तांब्याचे तुकडे राहिले. मंडळ हे घेणार नाही."

"आये, ह्ये काय केलंस गो!" प्रथमेश ओरडला.

"मी कॉलेजात होतो तेव्हा दत्तारामदादा मला गाडीत शेजारी बसवून सांगायचे, नाणं कधी पुसायचंसुद्धा नाही," सर म्हणाले. "तुम्हाला बोलले नव्हते?"

मथुरेच्या अंगाची लाही लाही झाली. गाडीतल्या परक्या पोराला हा माणूस सगळं समजावत होता, आणि घरच्या बाईला? सांगून टाकावं, नव्हता बोलला, कधीच काही बोलला नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण मग सरांच्या मनातूनही दत्ताराम उतरला असता. पाटी तर गेलीच होती. त्याचं चांगलं नाव तेवढं या एका माणसापाशी शिल्लक होतं.

"बोलले होते," ती म्हणाली. "चांगलं बसवून सांगितलं होतं त्यांनी. माझ्याच ध्यानात नाय रवलं."

सर चहा न घेताच उठले. त्यांना सोडायला गेलेला प्रथमेश दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी आला आणि ओटीवर उभा राहून शेजारच्या सगुणाकाकूला सांगू लागला, "बाबांनी तिला इतकं बसवून समजावलेलं, तरी तिनं वाट लावलीच." मथुरा आत त्याच्यासाठी भात वाढत होती. तिला सगळं ऐकू आलं. तिने भातावर आमटी वाढली आणि त्याला जेवायला हाक मारली.