आलं तेवढंच वाचणारा

मी पार्सर बोलतोय. नाव ऐकून दचकू नका, माझं काम तुमच्या ओळखीचंच आहे. मी वाचतो. यंत्रं एकमेकांना जे कागद धाडतात, त्यांत मजकुराच्या आगेमागे खुणा घातलेल्या असतात. इथे इशारा सुरू झाला, इथे संपला. इथून वाऱ्याचा वेग, इथपर्यंत. या खुणांना टॅग म्हणतात. टॅग बघून कोणता मजकूर कशाचा हे सांगायचं, एवढाच माझा धंदा. मी राहतो एका लायब्ररीत. पण ती पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणारी माणसं जिथून तयार तुकडे उचलून वापरतात, त्या साठ्यालाही लायब्ररीच म्हणतात.

मला तिथून हाकलायचं एकदा ठरलं होतं, आणि एकदा मला खोटं बोलायला शिकवायचं. दोन्ही जमलं नाही. ते का, हे सांगण्यासाठीच तोंड उघडलंय.

माझा जन्म हवामान कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. मला घडवणारी बाई तिथे प्रोग्राम लिहायची. कचेरी रोज समुद्रातल्या होड्यांना हवामानाचं पत्रक पाठवी. पत्रक लांबलचक, आणि रेडिओवरून ते येई तुकड्यातुकड्यांनी. एक तुकडा आला की दुसऱ्याला कधी दोन मिनिटं, कधी दहा. तेव्हा लायब्ररीत जो पार्सर होता, तो अख्खा कागद हाती पडल्याशिवाय अवाक्षर काढत नसे. शेवटचा तुकडा वाटेत हरवला, की आधीचे सगळे तुकडे केरात.

बाईच्या मोठ्या बहिणीचा नवरा मासेमारीच्या होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. ती त्यांना दाजी म्हणायची. एकदा जेवताना दाजी सहज बोलून गेले की तुमच्या यंत्रावर ते गोल चाक फिरत बसतं, आम्ही तोवर आभाळ बघून घेतो. सगळे हसले. बहीण मात्र हसली नाही. ताटाकडे बघत ती म्हणाली, "मी किनाऱ्यावरून काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी बाईनं मला लिहायला घेतलं.

तिनं मला तीनच गोष्टी शिकवल्या. तुकडा आला की लगेच वाचायचा. कुठे थांबलो ते लक्षात ठेवायचं. आणि जो टॅग उघडलाय पण मिटलेला नाही, त्याच्या आतलं काही पक्कं म्हणून सांगायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मी तोंडावर आपटलो. आपल्या लिपीतलं एकेक अक्षर यंत्राच्या पोटात तीन कणांचं असतं. 'वादळ'मधल्या 'द'चे दोन कण एका तुकड्याच्या शेवटी आले आणि तिसरा पुढच्या तुकड्यात. मला दम निघाला नाही. मी 'वा' म्हणालो, मग एक काळा चौकोन काढला, मग 'ळ'. बाईनं कपाळाला हात लावला. मग शांतपणे तिनं मला अर्धं अक्षर मुठीत धरून ठेवायला शिकवलं. उरलेला कण आला की मूठ उघडायची. तेव्हापासून मी एकही अक्षर मोडलेलं नाही. अभिमानानं सांगतो, आणि का सांगू नये?

दोन वर्षं मी होड्यांवर सुखानं राबलो. पत्रकाची पहिली ओळ आली की पहिली ओळ स्क्रीनवर. मग कचेरीत नवे साहेब आले. त्यांना सगळं मोजायची सवय, म्हणून लोक त्यांना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाचं श्रेय लाटायचा नाही. पण जे मोजता येत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. त्यानं मला आणि त्या जुन्या, अख्खा कागद मागणाऱ्या पार्सरला शेजारी बसवलं, तारेनं जोडलेल्या दोन झकास यंत्रांवर, आणि शर्यत लावली. तिथे कागद डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरा येत होता. मी हरलो. हरणारच होतो.

बाई बैठकीत उठून म्हणाली, "साहेब, ही शर्यत टेबलावर झाली. एकदा होडीवर घ्या."

साहेब म्हणाले, आकडे आकडे असतात. माझ्या डोक्यावर पाटी लागली, 'जुना झाला, वापरू नये', आणि होड्यांना नवा प्रोग्राम गेला, ज्यात माझ्या जागी पुन्हा तो अख्खा कागद मागणारा होता. लायब्ररीतून मला पुरतं पुसायचं काम बाईलाच सांगितलं. तिनं ते केलं नाही. लेखी दिलं की हे माझ्या हातून होणार नाही. आठवड्याभरात तिची बदली तळमजल्यावर झाली, जुन्या नोंदी लावायच्या खोलीत. मला पुसायचं पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माणसांचा विसराळूपणा कधीकधी असा उपयोगी पडतो.

समुद्रात मी एकाच ठिकाणी उरलो, दाजींच्या होडीवर. बाकीच्यांनी नव्या प्रोग्रामचं बटण दाबलं होतं. दाजींचं म्हणणं, चालतंय त्याला मी हात लावत नाही.

त्या दिवशी दुपारी दाजींची होडी आणि आणखी चार होड्या समुद्रात बऱ्याच आत होत्या. आभाळ स्वच्छ होतं. पत्रक यायला लागलं. अकरा तुकड्यांचं होतं. पहिल्या तीन तुकड्यांत मी इशारा वाचला आणि लगेच दाखवला: संध्याकाळपर्यंत वादळी वारे, होड्यांनी परतावे. दाजींनी तो वाचला आणि नाक मुरडलं. त्या महिन्यात असा इशारा दोनदा येऊन फुसका निघाला होता.

चौथ्या तुकड्यात वाऱ्याचा वेग होता. टॅग उघडला, त्यात ९ हा आकडा आला, आणि रेडिओ बंद पडला. किनाऱ्यावरचा रेडिओचा मनोरा कोसळला होता, पण ते आम्हाला नंतर कळलं.

माझ्या मुठीत नऊ होता. त्यापुढे काही होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं. टॅग मिटला नव्हता. मी नऊ दाखवला नाही. पाच मिनिटं वाट पाहिली आणि स्क्रीनवर लिहिलं: वाऱ्याचा वेग, अपूर्ण.

दाजींनी दोनदा वाचलं. मग जाळं ओढायला सांगितलं. परतताना वाट वाकडी करून ते एकेका होडीजवळ गेले, ओरडून सांगितलं. त्या होड्यांवर नुसतं चाक फिरत होतं. तीन होड्या त्यांच्यामागे वळल्या. चौथी फार लांब होती. ती दुसऱ्या दिवशी आली, डोलकाठी मोडलेली, आणि एका खलाशाचा खांदा निखळलेला. पण माणसं सगळी आली. बहीण दुपारपासून धक्क्यावर उभी होती म्हणे. दाजी उतरले तेव्हा तिनं त्यांना आधी खूप रागावून घेतलं.

चौकशीची बैठक बसली. बाईला तळमजल्यावरून बोलावलं, दाजींनाही. मोजपट्टीसाहेबांनी मान्य केलं की चूक झाली, आणि मला परत होड्यांवर पाठवायचं ठरलं. पण एक दुरुस्ती सुचवली. 'अपूर्ण' हा शब्द वाचून लोक घाबरतात. तेव्हा टॅग मिटलेला नसला तर मी तो आपणच मिटवावा, आणि हाती असेल तो मजकूर पुरा समजून द्यावा.

बाई काही बोलायच्या आत दाजींनी विचारलं की खरा आकडा किती होता. कुणीतरी सांगितलं, पंच्याण्णव.

दाजी म्हणाले, "नऊच्या वाऱ्यात आम्ही झोपा काढतो, साहेब. ह्यानं नऊ दाखवला असता तर मी म्हटलं असतं, याही वेळी फुसकंच, आणि जाळं तसंच पाण्यात राहू दिलं असतं. 'अपूर्ण' वाचलं आणि घाबरलो, म्हणून परतलो. ती भीती काढून घेऊ नका."

साहेबांनी वहीतली ती ओळ खोडली. मग बाईकडे वळून म्हणाले की तुम्ही उद्यापासून वर या.

आता मी बऱ्याच ठिकाणी असतो. होड्यांवर, डोंगरातल्या दवाखान्यांत, जिथे जिथे कागद धडपडत येतो तिथे. नवीन माणसं येतात, माझ्याकडे बघून म्हणतात, हा जरा हट्टी आहे, थोडा अंदाज बांधायला काय जातं याचं? जातं. तुमचं जातं. माझं काय, मी पुसला गेलो तरी मला दुखणार नाही.

म्हणून एकच सांगतो. मला वेगवान करा, लहान करा, हवं तर दुसरं नाव द्या. पण जे आलं नाही ते आलं म्हणून सांगायला लावू नका. मी सांगणार नाही. बाई गेली तरी नाही, आणि पुढचे साहेब कितीही मोठे असले तरी नाही.

बरं, येतो. लांबच्या एका होडीवर पत्रकाचा पहिला तुकडा आलाय. चारच शब्द आहेत, पण पुरे आहेत. ते दाखवून येतो.