युजीन लोपीसचं अजून ठरलं नाही

युजीन लोपीस आयुष्यात फारसा खोटं बोलला नाही. तसं काय, सगळेच म्हणतात. पण युजीनचं खरं मानायला हरकत नाही, कारण खोटं बोलायला समोर माणूस लागतो, आणि गेली चार वर्षं त्याच्यासमोर माणूसच नव्हता. कॅनडात, ओटाव्याला, कनाटाच्या बाजूला, मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये तो राहायचा. मुलगा ब्रेंडन सॉफ्टवेअरमध्ये, सून लविना हॉस्पिटलमध्ये. दोघंही भली, उगाच नावं ठेवायला जागा नाही. सकाळी लविना जिन्यातून ओरडायची, "पप्पा, जेवण फ्रिजमध्ये आहे, मायक्रोवेव्ह करा हां!" आणि गॅरेजचं दार खडखडत बंद व्हायचं. मग संध्याकाळपर्यंत घरात आवाज काय तो घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा.

त्याआधी त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली ती अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात. वसईच्या गिरीज गावातला पोरगा तिथं मशीनिस्ट झाला, तिथला सिटिझन झाला, आणि बायकोला, आन्नाला, तिथल्याच मातीत ठेवून आला. ती गेल्यावर ब्रेंडन म्हणाला, "पप्पा, तिकडे एकटे कशाला राहता? इकडे या." आला बिचारा. तिथला एकटेपणा सामानातून बरोबर आला, बॉर्डरवर कुणी विचारलंसुद्धा नाही.

येताना त्याने दोन गोष्टी मात्र सोडल्या नव्हत्या. एक, मिनेसोटातलं मत. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन माणसाला जुन्या पत्त्यावरून पोस्टाने मत देता येतं. दुसरी, तिकडचा मोबाइल नंबर. तो ब्रेंडनच्या डोळ्यांत खुपायचा.

"पप्पा, त्या नंबरवर कोण फोन करतं तुम्हाला? कॅन्सल करून टाकू या ना."

"राहू दे रे. काय खायला मागतो तुझ्याकडे?"

कोण फोन करतं, हा प्रश्न तसा झोंबणाराच होता. कुणीच करत नव्हतं. पण त्या वर्षी निवडणूक लागली आणि फोन वाजायला लागला.

मिनेसोटाचे सिनेटर रॉय हॅल्वरसन सहाव्यांदा उभे होते. सहा-सहा वर्षांच्या पाच खेपा म्हणजे तीस वर्षं तो माणूस खुर्चीवर. केस पिकले, पाठीला पोक आलं, तरी उभा. समोर एक तरुण, तडफदार बाई होती, आणि या खेपेला म्हाताऱ्याचं काही खरं नाही असं पेपरवाले म्हणत होते. युजीनला मात्र विचार करायची गरजच नव्हती. आन्ना शेवटच्या आजारात होती तेव्हा तिच्या बहिणीचा, जॉयसचा, व्हिसा दोनदा नाकारला होता. युजीनने हॅल्वरसनच्या ऑफिसात नुसता फोन केला. ना ओळख ना पाळख. पण त्यांनी पत्रं लिहिली, पाठपुरावा केला, आणि जॉयस पोचली. आन्नाने जीव सोडला तो बहिणीच्या मांडीवर, गिरीजच्या बोलीत दोन शब्द ऐकून. हे उपकार युजीन मरेपर्यंत विसरणार नव्हता. हॅल्वरसनच्या जागी उद्या खांब उभा केला असता तरी याने खांबाला मत दिलं असतं.

म्हणून सप्टेंबरात प्रचाराचा पहिला फोन आला, कुणा तरण्या पोराचा, आणि त्याने "मत कुणाला?" असं विचारलं, तेव्हा युजीन छाती फुगवून म्हणाला, "हॅल्वरसन! दुसरं कोण?" त्याला वाटलं, पोरगं खूश होईल, का म्हणून विचारेल, मग आपण जॉयसची सगळी गोष्ट सांगू. पोरगं "थँक यू सर, हॅव अ ग्रेट डे" म्हणालं आणि फोन बंद. युजीन किती तरी वेळ फोनकडे बघत बसला. पक्क्या मतदाराशी बोलत बसायला त्यांना वेळ नसतो, हे त्या दिवशी त्याला कळलं.

दुसरा फोन आला तो थेट स्पॅनिशमध्ये. "ब्युनास तार्देस, सेन्योर लोपेस!" बाईचा आवाज, जरा घोगरा, वयाचा.

युजीनला हसूच फुटलं. आडनाव बघून यांनी आपल्याला मेक्सिकन करून टाकलं की! "मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "मी इंडियन आहे. आमच्या वसईला पोर्तुगीज आले होते. ते गेले, आडनावं राहिली."

पलीकडे ती बाई खो-खो हसली. "आमच्याकडे स्पॅनिश आले होते. त्यांनीही तेच केलं बघा." तिचं नाव ग्रासिएला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सेंट पॉलच्याच वेस्ट साइडला राहणारी, हॅल्वरसनच्या प्रचारात हौसेने फोन करणारी. स्पॅनिश आडनावांची वेगळी यादी होती, ती तिच्या वाट्याला आली होती. दोघं चर्चबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. मग तिला तिचं काम आठवलं. "तर मग, डॉन युजेनिओ, मत कुणाला द्यायचं ठरवलंय?"

डॉन युजेनिओ! इतक्या मानाने त्याला जन्मात कुणी हाक मारली नव्हती. खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण ते दिलं की "थँक यू, हॅव अ ग्रेट डे," आणि पुन्हा फर्नेसचा आवाज.

"अजून ठरवलं नाही," युजीन म्हणाला.

"अरे वा," ती म्हणाली, "मग मला पुन्हा फोन करावा लागणार."

झालं! इथून जी सुरुवात झाली, ती विचारू नका. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, दुपारी चारच्या सुमाराला फोन यायचा. युजीन तीनपासूनच दाढी-बिढी करून बसायचा, जसं काही फोनमधून दिसणार होतं. नुसतं "ठरलं नाही" म्हणून भागेना, तेव्हा हा पठ्ठ्या सिनेटरच्या विरुद्धचे मुद्दे शोधून ठेवायला लागला. म्हातारा झाला, शेतकऱ्यांसाठी काय केलं, त्या बिलावर मत का दिलं नाही... ज्या माणसासाठी जीव टाकायचा त्याच्याच नावाने खडे फोडायचा, आणि ग्रासिएला जीव तोडून त्याची बाजू मांडायची. युजीन मनात म्हणायचा, बरोबर बोलतेस गं बाई, अगदी बरोबर. आणि तोंडाने म्हणायचा, "हूं, बघू या. विचार करतो."

मग मतपत्रिका आली. लविनाने वरून आणून दिली. युजीनने ती उघडली, हॅल्वरसनच्या नावापुढचा गोल काळाभोर केला, पाकीट चिकटवलं आणि पवित्र कुटुंबाच्या तसबिरीमागे ठेवून दिलं. पाठवायची कशी? ग्रासिएलाच बोलता बोलता म्हणाली होती, मतपत्रिका तिकडे पोचली की मशीन त्या माणसाचं नाव आपोआप यादीतून काढतं, मग फोन नाही. म्हणजे मत दिलं की फोनवरचा माणूस गेला. आणि निवडणुकीच्या दिवसापर्यंत पोचली नाही, तर मत फुकट. युजीन रोज तसबिरीसमोर हात जोडायचा आणि मागचं पाकीट दिसत नाही असं स्वतःला सांगायचा.

ऑक्टोबर सरत आला. ग्रासिएलाचा आवाज दमल्यासारखा यायला लागला. "डॉन युजेनिओ, अगदी काठावर आहे हो. थोडक्या मतांनी जाईल आमचा म्हातारा." तरी युजीनच्या तोंडातून "बघू या"च निघालं. स्वतःचीच चीड आली त्याला. मग विषय बदलायचा म्हणून तो म्हणाला, "दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस, जवळ आला. आमच्या गावाला त्या दिवशी थडग्यांवर झेंडूची फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आन्नाकडे मात्र चार वर्षांत कुणी गेलं नाही."

"कुठल्या सिमेट्रीत आहे ती?" ग्रासिएलाने विचारलं.

त्याने सांगितलं.

पुढच्या सोमवारी फोन आला तो नेहमीपेक्षा लवकर. "काल चर्चमधली मिसा झाल्यावर जाऊन आले," ती म्हणाली. "आन्ना लोपीस, बरोबर ना? कोपऱ्यात मेपलचं झाड आहे. दगड पार पानांखाली गेला होता, हाताने साफ केला. झेंडू ठेवला. आमच्याकडेही मेलेल्या माणसाला झेंडूच लागतो. वाऱ्याने मेणबत्ती टिकेना, मग आडोसा करून बसले थोडा वेळ. तुमच्या नावाने एक आवे मारियाची प्रार्थना म्हटली. स्पॅनिशमध्ये म्हटली, चालेल ना तिला?"

"चालेल," युजीन म्हणाला. या बाईने आपल्या आन्नासाठी गुडघे टेकले, आणि आपण तिच्याशी महिनाभर खोटं बोलतोय! लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

त्याने तसबिरीमागून पाकीट काढलं. ब्रेंडनला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, शनिवारी विंटर टायर्सची अपॉइंटमेंट आहे, तेव्हा जाऊ या." शनिवारी? शनिवारी टाकून काय डोंबल पोचणार? युजीनने कोट चढवला, बस पकडली आणि औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर जाऊन उभा राहिला. "सगळ्यात लवकर पोचेल असं," तो म्हणाला. काउंटरवरच्या मुलीने पाकीट उचलून मागच्या पेटीत टाकलं. बाहेर आला तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं, आणि त्याला मोकळंही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

पाकीट पोचायच्या आधी एक फोन आला. युजीनने तिला बोलूच दिलं नाही.

"ग्रासिएला, माझं मत पाठवलं मी. हॅल्वरसनला. आणि ऐका, माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं. आन्ना गेली तेव्हापासून. मी खोटं बोललो तुमच्याशी."

पलीकडे ती हळूच हसली. "ठाऊक होतं मला."

"काय?"

"माझ्यासमोर स्क्रीन असतो, डॉन युजेनिओ. आधीच्या पोराने लिहून ठेवलं होतं, पक्का हॅल्वरसनवाला. पहिल्या दिवशीच दिसलं मला. दर वेळी फोन झाला की मीच त्यावर 'ठरलेलं नाही' असं भरायचे. नाही तर तुमचा नंबर पुन्हा माझ्याकडे आला नसता." आणि मग ती म्हणाली, "माझ्याही घरी फार शांतता असते."

आता बघा, इथं कुणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं, बाई, तुमचा स्वतःचा नंबर द्या. फोन यायचे ते प्रचाराच्या नंबरवरून. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण युजीन पडला वसईचा, चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारा, बायको वारलेला माणूस. परक्या विधवेला नंबर मागायचा? काय म्हणेल ती? ब्रेंडन काय म्हणेल? आन्नाला काय वाटेल? आन्नाला काही वाटलं नसतं हो! तीच म्हणाली असती, माग मुकाट्याने. पण हे त्याला तेव्हा सुचायला हवं ना. तो गप्प राहिला. पलीकडे तीही थांबून राहिली होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"बरं तर," शेवटी तीच म्हणाली. "जपा, डॉन युजेनिओ."

"तुम्हीही जपा," तो म्हणाला. आणि तेवढंच.

पाकीट पोचलं असावं, कारण त्यानंतर फोन आला नाही. दोन नोव्हेंबरला युजीनने बेसमेंटमध्येच मेणबत्ती लावली. निवडणूक झाली, मोजणी लांबली, आणि अखेर म्हातारा हॅल्वरसन निसटता का होईना, जिंकला. युजीनने टाळीच वाजवली. मग आपल्या टाळीचा आवाज ऐकून ओशाळला आणि जिना चढून वर गेला.

"हॅल्वरसन जिंकला!" तो म्हणाला.

लविना ग्रोसरीच्या पिशव्या रिकाम्या करत होती. "कोण, पप्पा?"

"कुणी नाही," म्हणून तो खाली आला. धीर करून त्याने प्रचाराचा तो नंबर लावला. वाजला! पण पलीकडून आवाज आला तो सिनेटरचा, रेकॉर्ड केलेला: आमच्या कार्यकर्त्यांनी तुम्हाला फोन केला होता, आपल्या पाठिंब्याबद्दल आभारी आहे, यादीतून नाव काढायचं असेल तर एक दाबा. युजीनने काही दाबलं नाही. पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. "अहो साहेब," तो मराठीत म्हणाला, "जॉयसला आणलंत तेव्हा एक फोन पुरला होता." रेकॉर्डिंग आपलं बोलत राहिलं.

रविवारी जेवताना ब्रेंडनने विषय काढलाच. "पप्पा, तुमचं इलेक्शन संपलं ना? आता तरी तो नंबर कॅन्सल करू या."

"नको," युजीन म्हणाला.

"अहो पण कशाला?"

"सहा वर्षांनी परत आहे."

ब्रेंडनला वाटलं, पप्पा जोक करतायत. तो मोठ्याने हसला, लविनाही हसली. सहा वर्षांनी युजीन पंच्याऐंशीचा होणार होता. तो पानावरून उठला, खाली गेला आणि फोन चार्जिंगला लावला.